तिनं हाक मारली नाही

नाही नाही, खिडकीपाशी नको — आत सरक, त्या पाण्याच्या पिंपामागे. हां. पाय ओढून घे. आता हलू नकोस. अगं, तुला कळतंय का तू कुठं घुसलीयेस? एवढी गल्ली पडलीये, शिंप्याचं दुकान आहे, छापखान्याचं गोदाम आहे, आणि तुला दार सापडलं ते पोलिसाचं! ही सगळी रांगच पोलिसांची आहे बाई. शेजारी जमादार, पलीकडे हवालदार, आणि समोर दिसतेय ना भिंत, ती चौकीची मागची भिंत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. काय म्हणालीस? मी ओढलं तुला आत? मी कशाला ओढू? दार उघडं होतं — म्हणजे उघडलं मीच, तुमचा मोर्चा पांगवला तो आरडाओरडा ऐकून उघडलं, आणि तू समोरून धडपडत आलीस, डोळ्यावर रक्त, तेव्हा हात गेला माझा. हाताला कुठं अक्कल असते?

बोलू नकोस, बोलू नकोस, जबडा बघ कसा सुजलाय. नुसती मान हलव. दुखतंय? दुखणारच. आमच्या घरच्या काठ्या कशा असतात मला विचार, तेल मीच लावते त्यांना. हे फडकं घे, दाबून धर कपाळावर. आणि एक सांगून ठेवते, मी तुमच्यातली नाही. परकं सरकार जावं की राहावं, मला त्यातलं काही कळत नाही. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. रक्त बघवत नाही म्हणून फडकं दिलं, रस्ता निवळला की निघायचं. तुला वाटेल वेडी आहे ही. वेडी नाही गं, भ्यायलेय. हे घरी आले आणि तू अशी इथं —

हे तसे वाईट नाहीत. खरंच नाहीत. लहानपणी आईबाप गेले तर बहिणीला यांनीच वाढवलं. माझं लग्न झालं तेव्हा फ्रॉकातली होती ती. वन्सं म्हणायचं आपलं नात्यानं, वेणी मीच घालायचे तिची. मोठी झाली, कापड गिरणीत सूत गुंडाळायला लागली, आणि तिथं तुमचं वारं लागलं. बायकांना गोळा करायची, जेवणाच्या सुट्टीत भाषणं करायची. मी म्हणायचे, वन्सं, भावाच्या अंगावर सरकारी कपडे आहेत, जरा विचार कर. तर हसायची. म्हणायची, वहिनी, कपडे उतरवता येतात. — अशी जिभेला धार! आणि मग गिरणीतल्या बायकांचा मोर्चा निघाला पुलावर, तू होतीस? होतीस ना? मग पुढच्या रांगेत होती ती. हिरवं पोलकं. तीच. आणि समोर हे. मागे घोड्यावर साहेब. हुकूम सुटला. यांनी तिला बघितलं, तिनं यांना बघितलं, आणि तिनं हाक मारली नाही. 'दादा' एवढंच म्हणायचं होतं गं! म्हणाली असती तर यांचा हात उठलाच नसता. पण मग साहेबाला कळलं असतं बहीण कुणाची, यांची नोकरी गेली असती, यांना तुरुंगात घातलं असतं. हे सगळं तिला तिथं, काठी समोर असताना, सुचलं. आणि ती गप्प राहिली. कोपराचं हाड मोडलं तिचं. त्या दिवशी हे जेवायला बसले आणि ताटात हात घालून नुसते बसून राहिले. एवढंच म्हणाले, "तिनं हाक नाही मारली गं." त्यानंतर ती या घरात आली नाही, आणि हे घरात असून नसल्यासारखे.

एक मात्र झालं. आधी कामाचा चकार शब्द घरात काढायचे नाहीत. आता बूट चढवताना बोलतात — माझ्याशी नाही, बुटाशी. 'आज गोदी', 'आज शाळेमागची चाळ'. मी ऐकते. ऐकू येतं त्याला मी काय करू? आणि मग दूधवाली येते, तिला मी सांगते, गोदी असली तर आज अर्धंच माप दे, चाळ असली तर आज पुरं दे. बस्स. दुधाचं माप. ती पुढं काय करते ते तिचं ती जाणे. पोलीस तिथं पोचले की चाळ रिकामी सापडते, त्याला मी काय —

अरे देवा.

काय बोलून बसले मी. ऐकलंस तू? नाही ना ऐकलंस? कालच जमादारीणबाईंना चौकीत बोलावलं होतं. साहेब म्हणतो बातमी या रांगेतूनच फुटते, बायकांच्या तोंडून. संध्याकाळी सोडलं त्यांना, पण काय विचारलं ते सांगत नाहीत. आणि आज तू. पोलिसाच्याच दारात. इकडे बघ. तुला बोलता येत नाहीये, की बोलायचं नाहीये? हात दाखव. दाखव म्हणते ना! मऊ आहेत. गिरणीतल्या पोरीची बोटं सुतानं चिरलेली असतात, तुझी — कुणी पाठवलंय तुला? साहेबानं? मान काय हलवतेस, मान कुणीही हलवेल! बोटांनी काय दाखवतेस, लिहितेस? शाळेत शिकवतेस? खरं कशावरून? —

शूऽऽ. कडी वाजली.

कोण? जमादारीणबाई? आले हं, आले! ... नाही हो, एकटीच आहे, कुणाशी बोलणार? भांड्यांशी बोलते मी, सवय आहे. ... उंबऱ्यावर रक्त? अगबाई, ते होय! नाकाचा घोळणा फुटला हो माझ्या, ऊन बाधलं. ... नको नको, तुम्ही कशाला आत येता, पाणी सांडलंय सगळं, पाय घसरेल तुमचा. ... बरं. हो. सांगते यांना. या हं.

गेल्या. सगळं बघून गेल्या त्या. डोळे बघितलेस त्यांचे? तुला कसे दिसणार म्हणा. आता काय सांगतील, कुणाला सांगतील... पण तू — तू एक हुंकार दिला असतास तरी संपलं असतं माझं. फडकं तोंडात कोंबलंस? सुजलेल्या जबड्यात? काढ, काढ ते. बाई गं. माफ कर मला. भीतीनं माणूस कुत्र्यासारखं होतं, दिसेल त्याला चावतं. रडू नकोस. मी पण नाही रडत.

बूट. यांचेच बूट. मागे सरक —

अहो, लवकर आलात? ... वाढू का? ... कुठं काय, काही नाही, फडकं पडलंय ते. ... अहो, ऐका ना, मी सांगते, तुम्ही आधी बसा —

बघितलं त्यांनी तुला. सरळ तुझ्याकडेच बघितलं. काठी कोपऱ्यात ठेवली आणि मोरीत गेले, पाठ करून. बाहेरचं दार लावलंच नाही. थांब, बघते मी... गल्लीत कुणी नाही. जमादारांचं दारही लागलंय. अजून तोंडच धुताहेत. तोंड धुवायला एवढा वेळ लागतो का कुणाला? ऊठ. ही माझी शाल घे, डोक्यावरून ओढ. गोदामाच्या अंगानं जा, पळू नकोस, चालत जा. आणि वन्सं भेटलीच कुठं तर तिला सांग — नको. काही सांगू नकोस. पाण्याचा आवाज चालू आहे तोवर जा. जा म्हणते ना!