बल्ब पेटला तेव्हा

परवा पारनेरला आमच्या घरी काय झालं, ऐका. बहीण वैशाली ड्रोन बनवत होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजची स्पर्धा आणि ड्रोनचा सर्किट बोर्ड एकच, त्यामुळे मी नुसता येरझारा घालत होतो. सोल्डरिंग झाल्यावर तिनं बॅटरी थेट न लावता मध्ये गाडीचा बल्ब जोडला. बल्ब लख्ख पेटला.

“लागला की गं!” आई म्हणाली. मी टाळ्या वाजवल्या.

वैशाली ओरडली, “दादा, वायर काढ! बल्ब पेटून ऱ्हायला म्हंजी शॉर्ट हाय. बल्ब नसता तर बोर्डच जळला असता!”

दोन तारांमध्ये सांडलेला कथिलाचा थेंब तिनं काढला. पुन्हा बॅटरी लावली. बल्ब क्षणभर चमकला आणि विझला.

आई हळहळली, “गेला गं बाई!”

आणि वैशाली तिच्या गळ्यात पडून नाचायला लागली.