नव्या मेंबरची विहीर

दुष्काळात उदगीरला टँकरच्या रांगेत माझ्यापुढं मलप्पा आणि त्याची बायको शांतम्मा उभे होते.

"शांतम्मा, मोबाइल ठेव की आता."

"थांबा वो. पाण्याच्या वेबसाइटवर एकानं लिहिलंय, माझी विहीर मोकळी केलीय, कुणीबी येऊन भरा. नवा मेंबर हाय. मी मंजूर केल्याबिगर ते कुणालाच दिसत न्हाई."

"तुला कुणी दिला हा हक्क?"

"लोकांनीच. मी सहा महिने तिथं टँकरची खरी वेळ सांगितली. उदगीर जिल्हा झाला म्हणून बोंब उठली, ती अफवा मीच पकडली. तसे वेबसाइटवर माझे गुण वाढत गेले, अन् गेल्या सोमवारी हक्क मिळाला."

"विहिरीचं खरं हाय का पण?"

"खरं हाय. माझा भाऊ सकाळीच बघून आला. काठोकाठ न्हाई, पण पाणी हाय."

"मग कर की मंजूर."

"करते."

"अगं, कर ना!"

"दीड हजार माणसं हायेत त्या वेबसाइटवर. वाचलं की पळत सुटतील."

"मग?"

"तुम्ही गाडी काढा. आधी आपलं बॅरल भरू."

"अन् त्या विहीरवाल्याला काय सांगणार?"

"लिहिलं की त्याला. खात्री करायलेय म्हणून."