सतरा नंबरच्या कॅमेऱ्यात

नाही साहेब, चहा नोको, तुमी फक्त सतरा नंबरच्या कॅमेऱ्यातले फोटो लावा — वाघ नाही पाहाचा मले, बहीण पाहाची हाये. हर्षा मडावी. चार दिवस झाले, मोहफुलं वेचाले गेली ते आलीच नाही. ठाण्यात जमादार म्हणे, गेली असन कोणासंग, येईन आपोआप. मी म्हटलं, टोपली अन् चपला जंगलात टाकून कोण पळते? तं म्हणे, तुमच्यात पळतेत. तुमच्यात म्हणजे गोंडात — आता एवढा मोठा झालो मी, चपला टाकून पळाचा रिवाज आमचा हाये हे मलेच ठाऊक नोतं.

अन् मागच्या साली तुमच्या वनखात्याची वाघीण हरवली तं दोन जिपा फिरत होत्या, तिच्या पट्ट्याईचा फोटो साकोलीच्या पानटपरीवरही. हर्षाची खूण विचारली तं मायनं सांगतलं, हातावर गोंदण हाये. जमादार खूश. मंग मायनं आपला हात दाखवला — हेच झाड, असंच. गिरजाबाईनं अख्ख्या गावाले एकच झाड गोंदलं नं. तं तो मायकडं असा पाहे, जशी हर्षा सापडलीच.

लावा, लावा. हे डुक्कर. हे अस्वल. हे — तिकडं पाहा साहेब, ते पार्वताबाई हाये, झुडपामागं परसाकडं बसली. ह्याच्याचसाठी तं बाया बोंबलत होत्या, का सरकारनं झाडाले डोळा बांधला. ह्या झाडाले ऊन लागते नं दिवसभर? मंग शेण वाळून पडत असन — म्हणजे कॅमेऱ्याले कोणी लावलं असन तं. नाही, आपलं विचारलं. शकुनबाईले पांढरी गाडी दिसली ह्याच वाटेनं, गुरुवारी. नंबर नाही सांगता येत, तिले वाचता येत नाही. पण कॅमेऱ्याले येते नं. नंबर भेटला का जमादाराच्या टेबलावरच नेऊन ठेवतो.

गुरुवार, सकाळचे सात. हे काय? केवढं थोबाड — मीच हाये. हो, हातात शेणच हाये. हर्षानंच म्हटलं होतं, "भाऊ, भर त्याच्या डोळ्यात, बायाईले बसता येत नाही." मी भरलं. वाटलं, बायाईची अब्रू राखली — अन् तिले तिथंच सोडून क्रिकेट खेळाले गेलो. दंड लावा, काही म्हणत नाही मी. पुढचा दाखवा.

काळा. त्याच्या पुढचा? काळा. वाळलं नाही का हो ते? चार दिवसात वाळलं नाही?

मागं घ्या. माझा घ्या. माझ्या खांद्यामागं पाहा — टोपली घेऊन उभी हाये, हासून राहिली माझ्यावर. चपला हायेत पायात.

बंद नोका करू, साहेब. तुमी जा, जेवून या.