देवघरातली टोमॅटोची रोपे

तुम्ही हसाल, पण चूक माझीच होती. नवरात्रात देवीपुढे जवारा, म्हणजे गव्हाचे कोंब, अंधारात वाढवतात, म्हणून आईने जपलेले टोमॅटोचे शेवटचे बी मी ट्रेमध्ये पेरून देवघरात बंद दाराआड झाकून ठेवले. रोज पाणी घातले, प्रार्थना केली. रोपे उगवली ती उंच, पिवळी आणि लोळत पडलेली.

शेजारच्या कमलवहिनींनी ट्रे पाहून कपाळाला हात लावला. “अहो ताई, जवारा नवव्या दिवशी तलावात जाते. याले तर जगायचं हाये! ऊन दाखवा.”

“आता वाचतील?”

“हव. गळ्यापर्यंत मातीत गाडा.”

“जिवंतपणी?”

“जिवंत हायेत म्हणूनच तं!”

गाडलेल्या खोडांना मुळे फुटली. आज बारा रोपे ताठ उभी आहेत. देवाने ऊन दारापर्यंत पाठवले होते. दार मीच लावून घेतले होते.