आप्पांची हलकी चाकं

गाडीला महागातली हलकी चाकं घेऊ का, असं विचारतोस, तर आधी आमच्या आप्पांचं ऐक.

पंच्याऐंशीच्या सुमारास माझ्या बापानं आमच्या जुन्या मोटारीला मुंबईहून अॅल्युमिनियमची चार चाकं आणली. जुनी लोखंडी पाचही विकून टाकली. मी म्हटलं, "आप्पा, एक स्टेपनीला तरी ठेवा." तर म्हणाले, "गाडी चार चाकांवर चालतीय रं. कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये."

खोटं कशाला बोलू, स्टेअरिंग खरंच हलकं झालं होतं. पण ते मला कळायचं, कारण गाडी मी चालवायचो. बापाला फक्त गल्लीतल्यांनी वाकून चाकं बघितलेली हवी होती.

मग माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, बेळगावात शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखत आली, सकाळी अकराला. ती बसनं निघाली होती, आप्पांनी हट्टानं तिला गाडीत बसवलं. बेळगावच्या अलीकडं, सांबरा गावाच्या पुढं एका खड्ड्यात चाकाची कड तडकली आणि हवा गेली. लोखंडी चाक वाकलं असतं, तर दगडानं ठोकूनही पुढं गेलो असतो. हे ठोकलं असतं तर तुकडेच पडले असते.

दहा वाजून गेले होते. आप्पा नुसते चाकाकडं बघत उभे. आक्कानं कोबी भरलेला एक टेम्पो थांबवला आणि पदर खोचून मागं चढली.

"उतर गं! लोक काय म्हणतील?" आप्पा ओरडले.

"चाकं लोकांसाठीच घेतलीसा न्हवं? मग दावत बसा त्यास्नी. मला अकराला पोचायचं हाय."