तळ्याकाठची गणना

— मावशी, मला उठवलं का नाही तुम्ही?

— कशाला उठवू? माझ्या मांडीवर लेकरू झोपल्यालं, दगडाला टेकून त्याची आई झोपल्याली. दोघांत कुणाला हलवू सांग.

— अहो, सकाळी सात ते नऊ या वेळात पक्षी मोजायचे होते. काल तुमच्या वाडीवर उतरले ते त्याच्यासाठीच. आता नऊ वाजून गेले. पाणी मोकळं झालं सगळं.

— पाखरं रोज येत्यात. तू रोज निजतीस व्हय?

— आठ महिन्यांत सलग तासभर झोपले नाही. ह्याच्या बाबाची इचलकरंजीला रातपाळी. हा उठला की मीच.

— मग झोपलीस ते बरंच झालं की.

— बरं कसं? आमच्या पक्षिमंडळात ही तळ्याकाठची जंगलवाट मोजणीसाठी सहा वर्षं माझ्याकडे आहे. यंदा मंडळातला प्रसेनजीत म्हणाला, ताई, बाळ लहान आहे, वाट मला द्या. भांडून ठेवली मी. आता कोरा तक्ता नेला की गेलीच.

— कोरा कशानं? मी मोजलो की.

— तुम्ही?

— ह्या बघ पदराच्या गाठी. गवताचं भारं मोजतो तशा. पाचाला एक गाठ. ह्या टोकाला काळी, पंख पसरून वाळवत बसत्यात ती. चार गाठी, वर दोन. त्या टोकाला पांढरी, चमच्यागत चोचीची. एकच गाठ.

— पाणकावळे बावीस. आणि चमचे पाच? मावशी, चमचे मला इथं सहा वर्षांत एकदाही दिसले नाहीत.

— आज आलती.

— पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, असा नियम आहे.

— मग माझं डोळं काय उसनं हाईत? लिव तूच बघितलीस म्हणून. रानात कोण इचाराय येतंय.

— तसं लिहिलं तर वाट राहील माझ्याकडे.

— मग लिव की बाई.

(श्रुती पेनचं टोपण काढते. तक्ता गुडघ्यावर घेते. मग लिहिते.)

— काय लिवलंस? वाच.

— सात ते नऊ. पाहणाऱ्या, अंबूबाई. पाणकावळे बावीस, चमचे पाच.

— आन् तू?

— मी झोपले होते. तेही लिहिलंय.

— आगं, मग वाट जाईल की तुजी.

— जाईल बहुतेक.

— ह्यो अजून हलला न्हाय. येष्टी अकराला हाय. टेक जरा.