येतो म्हणून जा

हुरडा गरम आहे तोवर खाऊन घ्या, आणि ते चटणीचं गाडगं इकडं सरकवा. मला दात नाहीत म्हणून काय झालं? चटणी जिभेला लागते, दाताला नाही. आणि आगटीत शेणकूट टाका रे कुणीतरी. आज मला विस्तव विझलेला नको आहे. आजची गोष्टच तशी आहे.

मघाशी सुमननं विचारलं, आजी, तुला सगळ्यांत काय आवडतं? सांगते की. घरचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी, तव्यावरनं थेट ताटात पडलेली, पापुद्रा सुटलेली, आणि तिच्यावर दगडी खलातला खर्डा. वरून कच्चं तेल. बास. पण खरं सांगू? बाहेरचं मला जास्त आवडतं. बाईमाणसानं असं बोलू नये म्हणतात. मी बोलते.

आमच्या वेळी बाजाराच्या गावात लिंगाप्पाचं हाटेल होतं. बायकांना बाकड्यावर बसायची सोय नव्हती. मागच्या दाराला पोत्याचा पडदा लावलेला, त्याच्यामागं आम्ही उकिडवं बसायचो, बशीतनं चहा फुर्र करून प्यायचो. गुळाचा चहा. आणि भजी! कांदा उभा चिरलेला, ओवा चोळून टाकलेला, शेंगांचं तेल, कडा जरा करपलेल्या. भजी संपली तरी तो तेलकट कागद आम्ही हुंगत बसायचो. हसताय काय? तुम्ही त्या भज्याचा वास घेतला असता तर तुम्हीसुद्धा कागद हुंगला असता.

पण पोरांनो, वाटेवरचं सगळंच हाटेल माणसाचं नसतं. ऐका.

माझा धाकटा दीर, केरबा. खाण्याचा भारी नाद त्याला. कुठल्या गावात कुणाची मिसळ तिखट, कुणाच्या चहात दूध जास्त, सगळं तोंडपाठ. तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझी सासू, त्याची आई, अंथरुणाला खिळलेली. पेज घातली तर तोंडाच्या कडेनं बाहेर यायची. वैद्य म्हणाला, पोटात काही गेलं तर जगेल, नाहीतर तयारीत राहा. आणि बाजाराच्या दिवशी दुपारी म्हातारीनं डोळे उघडले. काय म्हणाली असेल?

"केरबा, लिंगाप्पाची भजी आण रं."

अहो, देवाचं नाव नाही, लेकरांचं नाव नाही! भजी! मला हसू आलं आणि डोळ्यात पाणीबी आलं. केरबानं फेटा बांधला आणि निघाला.

बाजारात पोचेस्तोवर दिवस कलला. लिंगाप्पानं त्याच्यासाठी ताजा घाणा काढला, कागदात बांधला, वर दोरा गुंडाळला. आणि म्हणाला, "केरबा, सडकेनं जा. लांब पडलं तर पडू दे. करंजखिंडीतनं जाऊ नगंस. तळलेलं हाय संगं."

"सडकेनं गेलो तर पहाट हुईल, लिंगाप्पा. आई तंवर र्‍हाईल का?"

लिंगाप्पानं दोर्‍याला आणखी एक गाठ मारली.

अंधार पडला होता. पुडकं छातीशी, बंडीच्या आत, आणि गडी खिंडीत शिरला. दोन्ही बाजूंनी काळा कातळ. पायाखाली वाळलेला पाला. चर्र, चर्र. आपल्याच पावलांचा आवाज, पण ऐकताना वाटतं मागनं कोणी येतंय. तुम्हाला ठाऊक आहे ते.

निम्म्या खिंडीत आला आणि थांबला. वास आला. लसणाची फोडणी! अशी खमंग, की तोंडाला पाणी सुटलं. ह्या दगडात फोडणी कोण देतंय?

वळण घेतलं तर समोर उजेड. करंजाच्या झाडाखाली कडब्याचं छप्पर, पुढं बाकडं, चिमणी लावलेली, चुलीवर कढई. मागच्या बाजाराला इथं नुसतं झाड होतं. केरबाला वाटलं, खडी फोडणारी माणसं आली असतील, त्यांच्यासाठी कुणी टाकलं असेल हाटेल. वाटणारच की. माणूस आपल्या जिवाची समजूत घालतोच.

चुलीमागं एक बाई. पदर असा पुढं ओढलेला, तोंड दिसेना. धुराच्या आत नुसते हात दिसायचे.

"दमलास लेकरा. बस. च्या घे."

"नगं मावशी, घरात आई आजारी हाय."

"म्हणूनच म्हणते. घोटभर घे. च्याला न्हाय म्हणू ने."

बघा, चहाला नाही म्हणता येतं का आपल्याला? तो बसला. चहा घेतला. मला पुढं सांगत होता, वैनी, तसला चहा मी जन्मात प्यालो न्हाय. आलं, गवती चहा, दाट दूध. ओठाला चटका बसत होता. पण घोट खाली उतरला, की गार! विहिरीच्या तळातल्या पाण्यासारखा गार.

त्यानं कनवटीला हात घातला, तर ती म्हणाली, "पैसं र्‍हाऊ देत. नुसतं येतो म्हणून जा."

"येतो, मावशी."

म्हणणारच ना? आपण सगळेच म्हणतो. कुणाच्या दारातनं उठताना जातो म्हणतो का आपण? येतो म्हणतो. लहान पोरगंसुद्धा येतो म्हणतं.

केरबा झपाझपा चालला. खिंड उतरली. खाली गावातला दिवा दिसला, कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. एवढं वळण घेतलं की ओढा, ओढा ओलांडला की घर. वळण घेतलं. आणि लसणाची फोडणी!

तेच छप्पर. तेच बाकडं. तीच चिमणी.

"आलास?" बाई म्हणाली. "येतो म्हणालास तवाच वाटलं, शब्दाचा पक्का हाय."

केरबा म्हणाला, "वाट चुकलो वाटतं." ती म्हणाली, "चुकला न्हाईस. बस." आणि पितळी पुढं सरकवली. मटकीची उसळ, वर लालभडक कट, बारीक चिरलेला कांदा. "तुला कट वरनं जास्त लागतो, नव्हं? आणि लिंबू नगं."

अगं बाई! हिला कसं माहीत? पण पोरांनो, भूक वाईट. त्यानं एक घास घेतला. चव अशी, की डोळे मिटावेत. आणि घास पोटात गेला तशी भूक वाढली. दुसरा घास घेतला, आणखी वाढली. जेवढं खावं तेवढं पोट रिकामं होत जायचं! असं वाटलं की आता हे छप्पर खावं, बाकडं खावं. तेवढ्यात छातीशी पुडकं हाताला लागलं. आई! तो ताडकन उठला.

"मावशी, मला जायला पायजे. येतो."

गेली ना जीभ परत तिथंच? सवय बाबा, सवय.

या खेपेला तो पळाला. ठेचा लागल्या, अंगठ्याचं नख निघालं. ओढ्याचं पाणी दिसलं, त्यात पाय घातला, पाणी घोट्याला लागलं, थंड लागलं. पलीकडच्या काठावर चढला. मान वर केली तर काठावर छप्पर.

आता बाकडं भरलेलं होतं.

ओळीनं माणसं बसलेली, केरबाकडं पाठी करून. जेवत होती. हात पितळीत जायचा, तोंडाकडं जायचा. पितळीत जायचा, तोंडाकडं जायचा. आणि पितळ्या रिकाम्या! हातही रिकामे! आवाज मात्र भुरका मारल्याचा. चिमणीचा धूर वर जायचा सोडून खाली उतरत होता, त्यांच्या पायाशी साचत होता. ती बाई कढईतली भजी झार्‍यानं काढत नव्हती. बोटांनी उलटत होती. उकळत्या तेलात, मनगटापर्यंत हात घालून.

कडेच्या माणसाचा फेटा केरबानं ओळखला. आमच्या गावचा रखमाजी. बाजाराला म्हणून गेला होता तो परत आला नव्हता. बायको वाट बघत होती, कपाळ पुसलं नव्हतं, लोक म्हणायचे मुंबईला पळून गेला.

"रखमाजी? तू हितं?"

तो वळला नाही. हात चालूच. म्हणाला, "येतो म्हटलं हुतं रं. आलो."

शेजारचा म्हणाला, "येतो म्हटलं हुतं."

त्याच्या पलीकडचा म्हणाला, "येतो म्हटलं हुतं."

असं ओळीनं. शेवटच्या माणसापर्यंत. आणि त्याच्या पुढं बाकड्यावर एका माणसापुरती जागा मोकळी. बाईनं पदराचं टोक घेतलं आणि ती जागा पुसली.

"बस. आणि ते पुडकं दे हिकडं. म्हातारी काय आता खायाची न्हाय."

कळलं केरबाला. सगळं कळलं. पण कळून उपयोग काय? तुम्हीच सांगा. सुटायला शब्द एकच, आणि तो शब्द आपण माणूस मेल्यावर म्हणतो. अमका गेला. तमकी गेली. घरात आई शेवटच्या घटका मोजतेय आणि तिच्याकडं जाताना हा शब्द तोंडातनं काढायचा? काढला, आणि तीच गेली तर?

बाईनं ओळखलं त्याच्या मनातलं. ती हसली. पहिल्यांदा हसली. भाजलेल्या कणसाचे दाणे तडतडावेत तसं हसणं.

"म्हण की. आईला तिकडं घरघर लागलीया, आणि तू जातो म्हणणार? म्हण बघू. न्हाय ना म्हणवत? मग येतो म्हण आणि फिरत र्‍हा. न्हाईतर बस."

केरबानं छातीवर हात ठेवला. पुडकं ऊन होतं, पोरांनो! त्या सगळ्या जागेत ऊन असं तेवढंच होतं. चुलीतला जाळसुद्धा गार, पण लिंगाप्पाची भजी ऊन. त्याला वाटलं, हे ऊन आहे म्हणजे आई आहे. डोळे गच्च मिटले आणि ओरडला, "मावशी, मी जातो!"

हात थांबले. भुरके थांबले. चिमणी फट्कन विझली.

तो सुटला, पाय अजून खिंडीतच होते म्हणे. मागं बघितलं नाही. मग सुरू झाली खरी करामत. मागनं आवाज आला. कुणाचा? आत्याबाईचा! तसाच दम लागलेला, तसाच घोगरा.

"केरबा, ये रं बाळा."

आईनं हाक मारली की पोराच्या तोंडून काय निघतं? आलो! आपोआप निघतं, अडवता येत नाही. ते जिभेवर आलं तसा त्यानं फेट्याचा शेव काढला आणि बचाबचा तोंडात कोंबला. आवाज मागं मागं. "केरबा, पाणी पाज रं. केरबा, येतो तरी म्हण. एकदाच म्हण, सोडते." खिंडीच्या पायथ्याच्या म्हसोबापर्यंत आवाज आला. तिथं थांबला. मग तो आवाज तिथंच उभा राहून रडत राहिला, म्हणे.

दार मी उघडलं. काय अवतार तो! डोळे तारवटलेले, पायातनं रक्त, तोंडात फेटा. मी म्हटलं, "भावजी, आलासा?" तर मान हलवतो, बोलत नाही. आलो म्हणेना बाबा! मी त्याला आत ओढला, दाराला कडी घातली.

पुडकं सोडलं. वाफ आली त्यातनं. आत्याबाईच्या नाकाशी एक भजं धरलं. नाक हललं. तोंड उघडलं. एक खाल्लं, चावत चावत, किती वेळ. मग दुसरं मागितलं. आणि पाणी पिऊन काय म्हणाली?

"लिंगाप्पाला म्हणावं, कांदा जरा कमी करपीव."

दुसर्‍या दिवशी आमचे हे आणि गावची चार माणसं खिंडीत जाऊन आली. छप्पर नाही, काही नाही. करंजाच्या झाडाखाली ओळीनं दगड मात्र होते. सगळ्यांवर शेवाळ. कडेचा एक तेवढा स्वच्छ.

म्हातारी त्या हिवाळ्यात तगली. पेज पिऊ लागली, मला शिव्या द्यायला लागली, मग मला खात्री पटली की बरी झाली. पुढं उन्हाळा लागताना पुन्हा पडली, आणि या खेपेला तिचं तिलाच कळलं. सगळ्यांना बोलावलं. सुनांच्या गालावरनं हात फिरवला. आपल्यात बाया म्हणतात तसं तीही म्हणायला लागली, "बरं बायांनो, ये..."

केरबानं तिचा हात धरला. "आई, येते म्हणू नगंस. जाते म्हण."

आमचे हे त्याच्या अंगावर धावले, "शुद्ध हाय का तुला? आईला असं बोलतोस?" त्यांना मी आडवी झाले. खिंडीतली गोष्ट त्यानं तोवर मला आणि आईलाच सांगितली होती, अख्खी; बाकीच्यांना नुसतं छपराचं.

आत्याबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या फेट्याचा शेव हातात घेतला, सारखा केला.

"भजी झ्याक हुती रं," ती म्हणाली. "जाते."

आणि गेली. पोरांनो, अशी गेली की घरात कुठं राहिली नाही. ना स्वप्नात, ना कोपर्‍यात. तिच्या दहाव्याला कावळासुद्धा थांबला नाही, घास ठेवला तसा शिवला.

केरबा पुढं कधी कुणाला येतो म्हणाला नाही. सासुरवाडीला पहिल्या सणाला निघताना उंबर्‍यात उभा राहून "मी जातो" म्हणाला, तर सासूनं छाती पिटून घेतली! सगळा गाव त्याला येडा म्हणायचा. म्हणू दे. तो त्याच्या अंथरुणात म्हातारा होऊन मेला.

आता त्या खिंडीत डांबरी झालीय. तुम्ही पोरं रात्री गाड्या उडवत तिथनं येता, मला माहीत आहे, तोंड लपवू नका. तेव्हा नीट ऐका. रात्री करंजखिंडीतनं येऊ नका. सडक लांब आहे, लांबनं या. आणि आलातच, आणि लसणाची फोडणी दरवळली, आणि पुढं दिवा दिसला, तर गाडीचा वेग कमी करू नका. पोटानं ऐकलंच नाही, उतरलातच, तर काय खायचं ते खा. पण उठताना तोंड सांभाळा.

बाकड्यावर एक जागा अजून मोकळी आहे. ती बाई रोज पुसून ठेवते.